मास्क किनाऱ्यावरच लावून पाहा

संपादक महोदय,

पावसाळा सरला की गोव्यातल्या ग्रँड आयलंड बेटाकडे स्नॉर्कलिंगच्या, म्हणजे डोळ्यां-नाकावर काचेचा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहण्याच्या, बोटी सुरू होतात. पर्यटक दर आणि जेवण विचारतात. खरं तर विचारावं ते असं: बोटीवर जीवरक्षक किती, पाण्यातून वर चढायला शिडी आहे का, समुद्र खवळला तर पैसे परत मिळतात का? शक्यतो सकाळची पहिली फेरी घ्यावी. दुपारी वारा वाढतो, गाळ ढवळतो आणि खालचं काही दिसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ मास्कचा होतो. पट्टा न घालता मास्क चेहऱ्याला लावून नाकाने श्वास आत ओढा. हात काढल्यावरही तो चिकटून राहिला, तर माप बरोबर. कडेखाली केस किंवा दाट मिशी आली की पाणी शिरतं. मग लोक पट्टा करकचून आवळतात, त्याने कड दुमडते आणि गळती वाढते. काचेला आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून हलकं विसळलं, की वाफ धरत नाही. नळीत पाणी आलं तर जोरात एक फुंकर मारावी.

बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेटचे सगळे बकल लावावेत, नाहीतर पाण्यात ते वर सरकून हनुवटीशी येतं.

बोटवाल्यांना कळकळीची विनंती: बिअर द्यायचीच असेल तर सगळे पाण्याबाहेर आल्यावर, माणसं मोजून झाल्यावर द्या.

– एक वाचक, वास्को