आकाशवाणीचा एक अख्खा दिवस परत ऐकवणाऱ्या काकांना

आदरणीय काकांना सादर नमस्कार,

नाव कुठे छापायचं नाही ही तुमची अट पाळून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत. सकाळच्या ललत रागापासून रात्रीच्या दरबारीपर्यंत, मध्ये श्रुतिका म्हणजे नभोनाट्यं आणि भाषणं, असा आकाशवाणीचा एक पूर्ण दिवस जुन्या कॅसेटींतून इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या मंडळींना ऐकता आला तो तुमच्यामुळे. आभार मानायचेच आहेत. पण तुम्ही जे शिकवलंत ते इथे नीट उतरवून ठेवलं, तर ज्यांच्या माळ्यावर रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी पडून आहेत त्यांच्याही कामी येईल, आणि तुम्हाला आभारांपेक्षा तेच आवडेल.

सगळ्यात मोठे आभार ‘आवाज साफ करू नका’ या तुमच्या आग्रहाचे. संगणकातली खरखर काढायची सोय एकच गोष्ट ओळखते: सतत, एकसारखा येणारा आवाज. तंबोराही तसाच येतो. त्यामुळे खरखरीबरोबर जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांची झणकारही पुसली जाते. गायक अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झूमरा तालात दोन आलापांच्या मध्ये कितीतरी वेळ फक्त ठेका आणि तंबोरा असतो. तिथे ही सोय लावली की गाणं एका रिकाम्या खोलीत चालल्यासारखं वाटतं. खाँसाहेबांचं बालपण ज्या इंदुरात गेलं, तिथेच त्यांचं गाणं असं पुसून ऐकवणं शोभलं नसतं. तुम्ही फक्त विजेची 50 हर्ट्झची घरघर कमी करू दिलीत, तीही अगदी अरुंद पट्ट्यात, कारण तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा तिथून फार लांब नसतो. बाकी खरखर राहू दिली. पाच मिनिटांत कानाला तिची सवय होते. गेलेली जवारी मात्र परत येत नाही.

आता यंत्राकडे. कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या मोडणं, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जात नाही. मग आत पाहायचं. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा बुरशी असते, कॅसेट डेकमध्ये (वाजवायच्या यंत्रात) घालायचीच नाही. फितीमागची छोटी लोकरी गादी गोंद वाळून गळलेली असेल तर आवाज दबतो आणि येतो-जातो. तेव्हा फीत दुसऱ्या, स्क्रू असलेल्या कवचात बदलून घ्यायची. सगळं ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी राहिलेली गुंडाळी सैल होते. हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, रबरी रोलर मात्र कोमट पाणी आणि साबणाच्या थेंबाने. बी. पी. एल. किंवा फिलिप्सच्या टू-इन-वनवर (रेडिओ-टेपरेकॉर्डरवर) भरलेल्या सी-120, म्हणजे 120 मिनिटांच्या कॅसेटींची फीत फार पातळ असते, ती रोलरला गुंडाळली जाते. तिला वारंवार थांबवायचं-चालवायचं नाही, एका दमात उतरवायची.

हेडशेजारच्या बारीक स्क्रूचं काम तर तुमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर सरळ हेडवर तिचा वरचा सूर मरतो. प्रत्येक कॅसेटला तो स्क्रू केसभर फिरवावा लागतो. मध्यम लहरींवरचं प्रसारण मोनोच, म्हणजे डावा-उजवा वेगळा नसलेलं, म्हणून डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐकायचा. निवेदकाचे ‘स’ आणि ‘श’ जिथे सर्वांत धारदार येतील ती जागा बरोबर. यासाठी गाणं नाही, निवेदन वापरायचं, हे विशेष.

गतीचंही तसंच. बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर सेल उतरत आले की हळू फिरतो. त्यावर भरलेली कॅसेट चांगल्या डेकवर जलद आणि चढी वाजते. चार टक्क्यांचा फरक पडला तरी काळी एक या पट्टीत गाणारा गायक जवळजवळ पुढच्या, पांढरी दोन या पट्टीत ऐकू येतो. वीजजोडणीवर भरलेल्या कॅसेटीत घरघर 50 हर्ट्झवर येते का ते पाहता येतं, पण पूर्वी विजेची वारंवारताच खालीवर होई, म्हणून एवढ्यावर विसंबू नका असं तुम्ही बजावलंत. आकाशवाणीची पहाटेची संकेतधून कॅसेटीत आली असेल तर उत्तम: ती वर्षानुवर्षं तीच वाजत आली, तिच्या चांगल्या प्रतीशी स्वर जुळवला की गती पक्की.

निवेदनं कापायची नाहीत, हा तुमचा दुसरा नियम. राग, कलावंत, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात असतं. ते गेलं की ध्वनिमुद्रण निनावी होतं आणि पुढे वाद घालत बसावं लागतं. निवेदन मुळातच नसेल तर पेटी ऐका, हीही तुमचीच खूण. आकाशवाणीवर 1940 ते 1971 पर्यंत हार्मोनियमला बंदी होती, म्हणून साथीला पेटी असेल तर स्टुडिओतलं गाणं बहुतेक त्यानंतरचं. नुसत्या सारंगीवरून मात्र काहीच ठरत नाही, ती पुढेही वाजत राहिली.

1952 मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय संगीत कार्यक्रमाच्या कॅसेटींत एक पेच असतो. तेव्हा तो रात्री साडेनऊ ते अकरा, दीड तास असे. सी-90ची एक बाजू 45 मिनिटांची. म्हणजे ऐन रंगात बाजू उलटावी लागे आणि तेवढं गाणं कायमचं गेलं. दोन तुकडे एकमेकांत मिसळून ती फट लपवायची नाही, दोन सेकंद शांतता ठेवून नोंदवहीत वेळ लिहायची. तालाचं आवर्तन कुठे तुटलं हे ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे.

श्रुतिकांचा प्रश्न वेगळा. त्या रात्री पुणे-मुंबईहून पकडलेल्या. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा थर विरतो आणि दूरची केंद्रं लागतात, पण आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. यंत्राला आपोआप आवाज सारखा करायला लावलं तर ते संवादांमधल्या शांततेतही खरखर उचलून वर आणतो, आणि नभोनाट्यात ती शांतताच अभिनय करत असते. तुम्ही स्वतः आवाजाच्या खटक्यावर बोट ठेवून, आवाज बुडाला की हळूच वर, आला की खाली, असं प्रत्येक श्रुतिकेला केलंत. त्यासाठी संहिता दोनदा ऐकून मनात बसवावी लागते. हे काम दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं. भाषणांना यातलं काहीच लागलं नाही.

ऐकवताना दोन स्पीकर न लावता एकच, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. मोनो आवाज दोन कोपऱ्यांतून आला की मध्यावर न बसलेल्यांना शब्द तितके स्पष्ट लागत नाहीत. तीनचारशे माणसांच्या नव्हे, शंभराच्या आतल्या सभागृहाला तो पुरतो.

मूळ प्रती 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, मोनो, वेव्ह स्वरूपात ठेवल्या आहेत. दीड तासाला साधारण 780 एमबी. वाटायला एमपी3 वेगळ्या. एक संच तुमच्याकडे, एक आमच्याकडे, तिसरा दुसऱ्या गावी. कॅसेटी उभ्या, कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवल्या आहेत. ज्यांनी त्या दिल्या त्यांना त्या नोंदीच्या कागदासह परत जातील. तुमच्या डेकचा तो स्क्रू मूळ जागी आणून त्यावर खूण केली आहे. दोन्ही रबरी रोलर नवे आणलेत, तेही सोबत देतो.

तुमचे ऋणी,
लोकमान्य नगरातली श्रोते मंडळी, इंदूर