लंडनचं टेरेस घर घेण्याआधी

प्रिय मिलिंद,

टेरेस म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते. तिथे टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरांची सलग रांग. तू पाहतोयस ते १८६०च्या आसपासचं. विटांवरचा कर १८५० मध्ये उठला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये, आणि अशा रांगा सपाट्याने उभ्या राहिल्या. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहिले आणि जे आपल्या राज्य सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, ते १० किंग हेन्रीज रोड याच धाटणीचं. आधी ते पाहून ये.

छप्पर रस्त्यावरून दिसणार नाही, कारण समोरचा कठडा उंच नेलेला असतो. त्यामागे दोन उतार आत वळून मधल्या पन्हळीत उतरतात, उघड्या पुस्तकासारखे. सगळं पाणी या एकाच पन्हळीतून मागच्या बाजूला जातं. पाला अडकला की ते थेट वरच्या खोलीत. पन्हळ शिशाच्या पत्र्याची असते. शिसं उन्हात पसरतं, थंडीत आकसतं, म्हणून एकेक तुकडा दीड मीटरच्या आतच हवा, नाहीतर तडकतो. त्यावर डांबर फासलेलं दिसलं, तर गळती झाकली आहे असं समज. पन्हळीखालच्या तुळईची टोकं भिंतीत असतात, तिथला ओलावा मोजायला सर्व्हेयरला (घराची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाला) मुद्दाम सांग. स्लेटच्या पाट्या सहसा शाबूत असतात; आधी गंजतात ते त्यांचे खिळे.

खरी मेख भिंतीत आहे. एकाच थरात एक वीट लांबीने, पुढची टोकाने, असा हा बांध. पण महागड्या दर्शनी विटा वाचवायला कंत्राटदार टोकाच्या विटा अर्ध्या तोडून लावत. त्या आतल्या भिंतीत शिरतच नाहीत. मग दर्शनी थर सुटतो आणि पोट काढतो. भिंतीला गाल लावून बाजूने बघ, लगेच कळेल. स्टेनलेस स्टीलचे बंध घालून ती आवळता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करून घे.

दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याच्याच हव्यात. भिंतीत शिरलेला ओलावा चुन्याच्या दर्जांतून उडून जातो. सिमेंट भरलं की तो वाट बदलून विटेतून बाहेर पडू लागतो, हिवाळ्यात तिथेच गोठतो आणि विटेचा पापुद्रा सुटतो. विटा खाल्लेल्या आणि सिमेंट जाळीसारखं पुढे आलेलं दिसलं, की हेच घडलंय. (आपल्या वाड्यांनाही सिमेंटचा गिलावा फासून आपण हेच केलं.) दुरुस्तीला एक भाग चुना, तीन भाग लहान-मोठ्या कणांची जाडसर वाळू. जुना माल हाताने सुमारे २५ मिलिमीटर खोल काढायचा. ग्राइंडर लावला की विटांच्या कडा गेल्याच. काम ५ अंशांखाली करायचं नाही, आणि काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं.

खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या. चौकटीच्या पोकळीत दोरीला ओतीव लोखंडाची वजनं टांगलेली असतात. वरच्या तावदानाची वजनं त्याच्यापेक्षा किंचित जड, खालच्याची किंचित हलकी. म्हणजे दोन्ही आपापल्या जागी घट्ट बसतात. दुहेरी काच बसवून वजनं तीच ठेवली, तर खिडकी वर थांबतच नाही. दोरीला रंग लागला की ती ताठरते आणि तुटते. यासाठी अख्खी खिडकी बदलायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

तळमजल्याची लाकडी जमीन अधांतरी असते. तिच्याखालच्या हवेसाठी भिंतीत जाळीच्या विटा असतात. त्या मातीने किंवा रंगाने बुजल्या की तुळया कुजतात. धुराडं वापरात नसलं तरी वर टोपी आणि खाली झरोका ठेव. मधल्या मजल्यावरची शेकोटी कुणी तोडली असेल, तर वरच्या धुराड्याचं ओझं कशावर आहे ते विचारच.

घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित वारसा इमारतींच्या यादीत आहे का, तेही बघ. असेल तर आतला जिनासुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही. तो फौजदारी गुन्हा ठरतो. सामाईक भिंतीला हात लावायचा असेल, तर १९९६च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस लागते.

पाहणीचा अहवाल आला की पाठव. सोबत पन्हळीचे फोटो हवेतच, वरून काढलेले.

तुझा,
श्रीधर