प्रवासाचे बूट आणि पायाखालची जमीन

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पर्यटन पुरवणीत सामानाच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. त्यांत कपड्यांचा तपशील ऋतुमानानुसार दिलेला असतो, औषधे, कागदपत्रे आणि चार्जर यांची आठवण आवर्जून करून दिलेली असते. पादत्राणांच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा ‘आरामदायी बूट न्यावेत’ एवढे एकच वाक्य येते. वाक्य चुकीचे नाही, पण त्याने वाचकाचे काम काही होत नाही, कारण दुकानात पाच मिनिटे घालून पाहिलेला जवळजवळ प्रत्येक बूट आरामदायीच वाटतो. दिवसभर चालल्यावर संध्याकाळी तो कसा वाटेल, हे पायाखालची जमीन, हवेतील ओल, पायांतले मोजे आणि पाठीवरचे ओझे यांवर ठरते. पदभ्रमण करणाऱ्या मंडळींबरोबर बराच काळ फिरल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, बूट निवडताना पहिला प्रश्न ‘कुठे जायचे आहे’ हा नसून ‘कशावरून चालायचे आहे’ हा असावा, आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रवासलेखांत जवळपास कधीच सापडत नाही.

दगडी फरशी, काँक्रीट आणि डांबर या जमिनी सपाट असल्या तरी पायाला सोप्या नसतात. त्या जराही दबत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पावलाचा धक्का टाचेला आणि चवड्याला बसतो. शहर पाहायला निघालेल्यांना म्हणूनच जाड, लवचीक मधला तळ असलेले धावण्याचे किंवा चालण्याचे बूट पुरतात. तेथे डोंगरी बूट घालून फिरणे म्हणजे उगाच ओझे वाहणे होय. पायांवरचे एक किलो वजन पाठीवरच्या एक किलो वजनापेक्षा कित्येक पट अधिक दमवते, हे लष्करी संशोधनात मोजून पाहिले गेले आहे. डोंगरी बुटांचा जोड सहज एक किलोच्या पुढे जातो, तर धावण्याच्या बुटांचा जोड त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. दिवसभरात टाकलेल्या हजारो पावलांचा विचार केला, तर हा फरक किरकोळ नाही.

सुट्या खडीच्या उतारावर मात्र तळाला खोल खाचा हव्यातच. रबरी तळावरच्या या खाचा आज आपण गृहीत धरतो, पण त्यांच्यामागे एक दुर्घटना आहे. १९३५ मध्ये आल्प्स पर्वतात इटलीच्या गिर्यारोहकांच्या एका तुकडीतील सहा जणांचा मृत्यू झाला आणि त्या मोहिमेशी संबंधित असलेल्या विताले ब्रामानी यांनी बर्फ, खडक आणि माती या तिन्हींवर पकड घेईल असा तळ बनवण्याचा ध्यास घेतला. १९३७ मध्ये त्यांनी खोल खाचांच्या रबरी तळाचे पेटंट घेतले. ‘व्हिब्रम’ हे नाव त्यांच्याच नाव-आडनावावरून आले असून १९५४ मध्ये के-२ शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना याच जातीचे तळ होते.

पण खाचा सगळीकडे उपयोगी पडत नाहीत. ओल्या, गुळगुळीत खडकावर किंवा शेवाळलेल्या पायऱ्यांवर खाच रुतायला जागाच नसते. तेथे रबराचा मऊपणा आणि खडकाला टेकणारा त्याचा पृष्ठभाग यांवर पकड अवलंबून असते. कडक रबर वर्षानुवर्षे झिजत नाही, पण ओल्या दगडावर घसरते. मऊ रबर पकड घेते, पण लवकर झिजते. विक्रेता ‘तळ झिजणारच नाही’ असे अभिमानाने सांगू लागला की ओढ्यानाल्यांतून जाणाऱ्या माणसाने जरा सावध व्हावे. घोट्यावर येणाऱ्या बुटांविषयीही असाच एक समज पक्का झालेला आहे. हे बूट खडे आत जाऊ देत नाहीत आणि दगडाच्या आघातापासून घोट्याचे हाड वाचवतात. जड पाठपिशवी घेऊन खडबडीत वाटेने जाणाऱ्यांना ते घालावेसे वाटतात, ते योग्यच आहे. पण ते घातले की पाय मुरगळणारच नाही, असे धरून चालू नये.

सर्वाधिक गैरसमज जलरोधक बुटांविषयी आहेत. ‘पावसाचा प्रदेश आहे, तेव्हा जलरोधक बूट घ्या’ हा सल्ला डोळे मिटून दिला जातो. या बुटांच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. ही वाफ बाहेर जाण्यासाठी बुटाच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार आणि दमट असावी लागते. थंड प्रदेशात, दवाने भिजलेल्या गवतातून किंवा ओलसर बर्फातून चालताना हा फरक मोठा असतो आणि तेथे असे बूट फार चांगले काम देतात. उष्ण आणि दमट हवेत हा फरकच उरत नाही, घाम आत साचतो आणि बाहेरचे पाणी न शिरताही मोजे ओले होतात. धो धो पावसात किंवा ओढा ओलांडताना पाणी घोट्याकडून आत शिरते, आणि ज्या पडद्याने ते बाहेर अडवायचे तोच ते आत अडवून ठेवतो. अशा ठिकाणी जाळीदार कापडाचे, लवकर वाळणारे बूट किंवा टाच पट्ट्याने बांधता येणारे सँडल जास्त उपयोगी पडतात. पाय भिजणारच असतील, तर ते लवकर वाळतील एवढे पाहावे. भिजलेले बूट शेकोटीजवळ किंवा हीटरवर वाळवू नयेत. उष्णतेने तळाचा डिंक सुटतो आणि चामड्याला भेगा पडतात. आतला तळ काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. आपल्या अंकाचा हा उपयोग आपणांस रुचणार नाही, पण तो खात्रीचा आहे.

बूट नवा असावा की जुना, याविषयी दोन टोकांच्या चुका होताना मी पाहतो. पहिली सर्वपरिचित आहे: प्रवासासाठी म्हणून आदल्या आठवड्यात नवा जोड घेतला जातो आणि दुसऱ्याच दिवशी तो चावू लागतो. फोड केवळ वरवरच्या घासण्याने येत नाही. त्वचा मोज्याला चिकटून राहते, आतले हाड मात्र पुढेमागे सरकत असते आणि या ओढाताणीत त्वचेचे थर एकमेकांपासून सुटून मध्ये द्रव भरतो. ओलसर त्वचेवर घर्षण वाढते, म्हणून घामेजलेल्या पायाला फोड लवकर येतात. चामड्याचे जाड बूट पायाच्या आकाराला सरावायला काही आठवडे लागतात. कापडी बूट त्या मानाने लवकर रुळतात, तरीही प्रवासात जे मोजे आणि जेवढे ओझे असणार, त्यांसह निदान एक अख्खा दिवस ते घालून चालल्याखेरीज बॅगेत भरू नयेत.

दुसरी चूक कमी माहितीची आणि म्हणून अधिक घातक आहे. अनेक डोंगरी बुटांचा मधला तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील ओलाव्याने या पदार्थाचे रासायनिक विघटन होत राहते आणि ते बूट वापरात नसतानाही थांबत नाही. काही वर्षे कपाटात जपून ठेवलेला, वरून नव्यासारखा दिसणारा बूट अशा वेळी वाटेतच दगा देतो: मधला तळ भुसभुशीत होऊन त्याचा भुगा पडतो आणि खालचा रबरी तळ लोंबू लागतो. हे एका पायाचे झाले की दुसऱ्या पायाचेही लवकरच होण्याची शक्यता असते, कारण दोन्ही बुटांचे वय सारखेच. निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे असे बूट बाहेर काढावेत, मधला तळ अंगठ्याने दाबून बारीक भेगा किंवा सुटणारे कण दिसतात का ते पाहावे आणि घराजवळ तासभर चालून यावे. धावण्याच्या बुटांत सहसा ईव्हीए नावाचा फेस असतो. तो असा कुजत नाही, पण वापराने दबत जातो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्याचा धक्का सोसण्याचा गुण बराच कमी होतो, मग वरचे कापड कितीही चांगले दिसो.

मापाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. मानवी पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात आणि पावलाचा आकार दिवसभर एकसारखा राहत नाही. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलण्यास मदत करतात. विमानात किंवा बसमध्ये तासन्‌तास बसल्यावर ही मदत थांबते, पावलांत द्रव साचतो आणि सकाळी व्यवस्थित बसणारा बूट उतरण्याच्या वेळी आवळू लागतो. म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावा आणि लांबच्या प्रवासात नाड्या सैल कराव्यात. दोन्ही पावले सहसा तंतोतंत सारखी नसतात, तेव्हा मोठ्या पावलाचे माप धरावे. अंगठाच सर्वांत लांब असतो असेही नाही, अनेकांचे दुसरे बोट पुढे आलेले असते. जे बोट लांब असेल त्याच्यापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. ती नसेल तर उतारावर पाऊल पुढे घसरून नख बुटाच्या टोकावर आपटत राहते, नखाखाली रक्त साकळते आणि नख काळे पडते. टाच बुटात वरखाली होत असेल, तर मोठे माप परत करून लहान घेण्याआधी सर्वांत वरच्या भोकांतून नाडीचा फास करून ती ओढून बांधून पाहावी. पुष्कळदा एवढ्याने टाच जागेवर बसते. घरबसल्या मागवणाऱ्यांनी पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून उत्पादकाच्या तक्त्याशी ताडावी, कारण ब्रिटिश मापातील एक क्रमांक म्हणजे एक तृतीयांश इंच, तर युरोपीय मापातील एक क्रमांक म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, आणि त्यातही प्रत्येकाचा साचा निराळा.

मोज्यांना या याद्यांत जागाच मिळत नाही. सुती मोजे घाम शोषतात आणि तो धरून ठेवतात, त्यामुळे लांबच्या चालीला लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. थंडीत एकावर एक मोजे चढवून पाय बुटात कोंबणे हे उलटे काम आहे; बूट आवळला की रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गार पडतात. जाड मोजे घालायचे असतील, तर बूटही ते घालूनच घ्यावा.

किती जोड न्यावेत, या प्रश्नावर माझे उत्तर दोन असे आहे. तिसरा जोड एखाद्या समारंभासाठी किंवा पाण्यातल्या खेळासाठी खरोखरच लागणार असेल तरच न्यावा. हे दोन जोड मात्र एकाच प्रकारचे नसावेत. एकाने जेथे दाब पडतो तेथे दुसऱ्याने पडू नये, म्हणजे चालून दमलेल्या पायाला संध्याकाळी सँडलमध्ये विसावा मिळतो आणि ओला जोड वाळायला रात्रभर वेळही मिळतो. जड जोड पायात घालून निघावे, हलका बॅगेत चाकांच्या बाजूला ठेवावा आणि त्याच्या पोकळीत मोजे भरावेत. उंच टाचांच्या पादत्राणांवर प्रवास करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, आणीबाणीत विमानातून घसरगुंडीने उतरताना ती काढावी लागतात.

मधुमेहींसाठी हा विषय सोयीचा नसून प्रकृतीचा आहे. पायांची संवेदना मंदावलेली असेल, तर बुटात गेलेला खडा किंवा आलेला फोड जाणवत नाही आणि छोटी जखम चिघळू शकते. त्यांनी प्रत्येक वेळी बुटात हात फिरवून मगच पाय घालावा, रोज रात्री तळवे तपासावेत आणि प्रवासात नवा जोड मुळीच वापरू नये. मुलांच्या बाबतीत मागच्या सुट्टीतले बूट याही सुट्टीत येतील असे मानू नये, एवढे सांगणे पुरे.

तळांना लागलेल्या मातीचाही उल्लेख करायला हवा. न्यूझीलंडमध्ये प्रवेश करताना वापरलेले डोंगरी बूट सोबत असल्याचे जाहीर करावे लागते, कारण मातीतून वनस्पतींचे रोग आणि बिया येतात. तेथील प्राचीन कौरी वृक्षांना मारणारा रोग मातीतून पसरतो, आणि त्या जंगलांच्या वाटांवर बूट घासून निर्जंतुक करण्याची सोय केलेली असते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीही बूट धुवावे लागतात. बूट घरूनच स्वच्छ धुऊन, वाळवून नेले, तर विमानतळावरचा खोळंबा टळतो.

आता आपणांस विनंती. पुरवणीतील प्रत्येक स्थळाच्या माहितीत राहण्याची सोय, भाडे आणि जेवण यांसाठी चौकट असते. तिच्यात जमिनीविषयी दोन ओळी वाढवाव्यात. वाट फरसबंदीची आहे, खडीची, चिखलाची की ओल्या खडकाची; एका दिवसात साधारण किती चालावे लागते; चढ-उतार व पायऱ्या किती; आणि त्या महिन्यात पाय भिजण्याची शक्यता आहे का, एवढे लेखकाने लिहिले तरी पुरे. स्वतः तेथे जाऊन आलेल्याला हे सांगायला संदर्भ शोधावे लागत नाहीत. शिवाय लेखासोबतची छायाचित्रे निवडताना निसरड्या कड्यावर गुळगुळीत तळाच्या पांढऱ्या बुटांत उभ्या असलेल्या हसऱ्या पर्यटकांना शक्यतो वगळावे, कारण यादी न वाचणारे वाचकही छायाचित्र पाहतात आणि तेच बूट बॅगेत भरतात.

कळावे,

आपल्या पर्यटन पुरवणीचा एक नियमित वाचक