मोहरे विस्कटले म्हणून संगणक हरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की सोलापुरात बुद्धिबळ शिबिरांचे फलक लागतात. त्यांत ‘चेस ९६०’, म्हणजे मागच्या रांगेतले मोहरे दरवेळी नव्या क्रमाने मांडून खेळायचे बुद्धिबळ, जरूर ठेवावे. फक्त ‘इथे पाठांतर चालत नाही, म्हणून संगणकाचेही काही चालत नाही’ असे मुलांना सांगू नये.

हा समज कुठून आला ते उघड आहे. माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्वेनोस आयर्सला हा प्रकार जाहीर केला तो पाठांतराला वैतागूनच. पुढच्याच वर्षी सामन्याच्या सहाव्या डावात जगज्जेता कास्पारोव्ह डीप ब्लू या संगणकाकडून १९ खेळ्यांत हरला. त्यात यंत्राने घोडा दिला ती खेळी त्याच्या ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या ठरीव खेळ्यांच्या) साठ्यात आधीच भरलेली होती. साठा काढून घेतला की यंत्र पांगळे, असे तेव्हा वाटणे साहजिक होते. आजच्या स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमसोबत मात्र ओपनिंगचा असा साठा येतच नाही. ते प्रत्येक स्थिती नव्याने मोजते, आणि मोहरे कसेही मांडले तरी एका वेळी सरासरी पस्तीसेकच खेळ्या मोजायच्या असतात. अरिमा या खेळात मोहरे खेळाडूच मांडतात आणि एका पाळीत सुमारे १७ हजार पर्याय असतात. तिथेही २०१५ मध्ये यंत्राने माणसाला गाठलेच.

मोहरे विस्कटल्याचा खरा फटका आपल्याला बसतो. पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात, ए१ वर उंट आला, तर शेजारचे बी प्यादे एक घर सरकताच त्याचा मारा तिरका थेट काळ्याच्या जी७ वरच्या प्याद्यापर्यंत पोचतो. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक प्याद्याला कोणाचा ना कोणाचा जोर असतो. इथे जी७ बिनजोर असू शकते. यंत्राला ते क्षणात दिसते. दहा मिनिटांच्या डावात मुलाची त्यावर तीन मिनिटे जातात, किंवा प्यादे जाते.

तेव्हा हा खेळ माणसामाणसांतच रंगतो. मांडणीला लुडोचा एक फासा पुरतो. घरे नेहमी पांढऱ्याच्या डावीकडून मोजावीत. पहिल्या दानाने चार काळ्या घरांपैकी एकात उंट, दुसऱ्याने चार पांढऱ्या घरांपैकी एकात. यांत कोणत्याही वेळी ५ किंवा ६ पडल्यास पुन्हा टाकावे. तिसऱ्या दानाने उरलेल्या सहा घरांत वजीर, मग पाचांत एक घोडा, चारांत दुसरा (दान घरांपेक्षा मोठे पडल्यास पुन्हा). राहिलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती. समजा ३, १, ४, २, ३ अशी दाने पडली: डावीकडच्या ए घरापासून एच पर्यंत हत्ती, उंट, घोडा, राजा, उंट, वजीर, घोडा, हत्ती. काळ्याने समोर हेच मांडायचे. (अशा एकूण ९६० मांडण्या होतात, रोजची मांडणीही त्यांपैकीच एक. ती निघाली तर हसून खेळावी.)

भांडणे होतात ती कॅसलिंगवरून, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्यावरून. राजा कुठूनही निघो, शेवटी तो सी किंवा जी घरात आणि हत्ती डी किंवा एफ घरात. वरच्या मांडणीत ए च्या बाजूला कॅसल करायचे तर राजा डी वरून सी वर एकच घर जातो, पण हत्तीला ए वरून डी वर यायचे असल्याने बी आणि सी दोन्ही मोकळी हवीत. मुले बी विसरतात. राजा एफ वर आणि हत्ती जी वर असेल तर दोघांची नुसती अदलाबदल होते. तेव्हा ‘कॅसल करतोय’ असे आधी बोलावे, राजा पटाबाहेर ठेवावा, हत्ती जागेवर न्यावा, मग राजा ठेवावा. लॅपटॉपवर राजा आपल्याच हत्तीवर नेऊन सोडावा लागतो, आणि प्रोग्रॅममध्ये ९६० चा पर्याय आधी सुरू करावा लागतो; नाहीतर तो कॅसलिंगचा हिशेब चुकवतो.

‘माणूस विरुद्ध संगणक’ असा प्रदर्शनी सामना हवाच असेल, तर यंत्राचा एक हत्ती काढावा आणि वेळही माणसाला जास्त द्यावा. मुख्य स्पर्धेत मात्र फासा पडण्याआधी सगळ्यांचे मोबाइल जमा करून घ्यावेत, पालकांचेसुद्धा. नवी मांडणी फोनवर टाकून पहिल्या पाच-सहा खेळ्या काढायला मिनिटभरही लागत नाही.

आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक, सोलापूर