भिंतींचाही वेरा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मिळकतकराच्या वाढीव बिलांबद्दल आपल्या अंकात वाचकांची पत्रं येत आहेत. पुण्याची, नाशिकची, एखाद-दुसरं आमच्या बडोद्याचंही. सूर सगळ्यांचा एकच, की रक्कम अव्वाच्या सव्वा आली आणि कोणी ऐकून घेत नाही. मी दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहते. बांधकामाचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. यंदा वाढीव आकारणीची खास नोटीस माझ्याही हातात पडली, म्हणून चार ओळी लिहिते.

आधी एक सांगते, रकमेवरून भांडण्यात काही अर्थ नाही. रक्कम हा निव्वळ गुणाकार असतो. आमच्याकडे घराचा वेरा, म्हणजे मिळकतकर, भाड्यावर धरत नाहीत, चटई क्षेत्रफळावर धरतात. दर चौरस मीटरला एक दर, आणि तो चार गोष्टींवरून कमी-जास्त होतो: त्या भागातला जमिनीचा बाजारभाव, घराचं वय, घराचा प्रकार, आणि आत मालक राहतो की भाडेकरू. पालिकेच्या खिडकीवर बसलेल्या माणसाच्या हातात यातलं काहीच नसतं. ‘एवढं कसं आलं हो?’ असं त्याला विचारलं, तर तो संगणकाकडे बोट दाखवणार. त्याऐवजी क्षेत्रफळ किती धरलं, वय किती, वापर कोणाचा, हे विचारा. उत्तर कागदावर असतं आणि कागद चुकीचा असू शकतो.

माझ्या कागदावर 167 चौरस मीटर होते. मोजणीला कंत्राटदाराची दोन मुलं आली होती. त्यांनी गल्लीतून दर्शनी बाजू मोजली, बोळातून घराची लांबी मोजली, 20 फूट बाय 45 फूट, खाली-वर मिळून 1800 चौरस फूट, आणि गेली. आत या, चहा घ्या म्हटलं तर घाईत होती. आता ज्यांनी जुनं बडोदं पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे की या घरांच्या भिंती म्हणजे काय चीज असते. माझ्या माजघराच्या खिडकीच्या कठड्यावर लोणच्याची बरणी, तिच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि त्याच्याही पुढे पंचांग असं एका ओळीत मावतं. दीड फुटाची भिंत आहे ती. चारही बाजूंनी दीड-दीड फूट वजा केलं की आत 17 बाय 42 उरतात, म्हणजे मजल्याला 714 चौरस फूट. मधल्या आडव्या भिंती एक फुटाच्या, मजल्याला दोन. त्याही वजा केल्या. दोन्ही मजल्यांचे मिळून 1360 चौरस फूट, साधारण 126 चौरस मीटर. फरक 440 चौरस फुटांचा! मुंबईत तेवढ्यात चौघांचा संसार होतो, आणि मी त्याचा वेरा भरायचा तो विटा-मातीचा. चटई क्षेत्रफळ म्हणजे जिथे चटई अंथरता येते ते. भिंतीत कोण चटई अंथरतं?

आणखी दोन नोंदी चुकल्या होत्या. दर्शनी भिंतीला ओल येते म्हणून मधे टाइल्स लावून घेतल्या होत्या. त्या चकचकीत दिसल्या आणि घर एकदम तरुण झालं. आणि माझा भाचा शिकायला इथे राहतो, त्याची कुरिअरं चुकू नयेत म्हणून त्यानं दारावर आपल्या नावाची पाटी लावली आहे. आडनाव वेगळं, सबब भाडेकरू! तो भाडं देईल तो सुदिन.

ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते, आमच्याकडे वांधा अरजी म्हणतात ती. हे 15 दिवस फार महत्त्वाचे, आणि लोक नेमके तेच ओळखी शोधण्यात घालवतात. कोणाचा मेहुणा नगरसेवकाकडे असतो, कोणाचे साडू ‘बघतो’ म्हणतात, तोवर मुदत टळते. मी साध्या कागदावर सेन्सस नंबर, म्हणजे पालिकेच्या दफ्तरातला मिळकतीचा क्रमांक, घातला, तीन मुद्दे लिहिले आणि हातानं काढलेला मोजमापाचा नकाशा जोडला. घराच्या वयासाठी सासऱ्यांच्या नावची जुनी बिलं ट्रंकेतून काढली, सिटी सर्व्हेचा उतारा लावला. भाच्यासाठी त्याच्या कॉलेजचा दाखला आणि माझं वीजबिल. आवक शिक्का मारून पोच घेतली. शिक्क्याशिवाय दिलेला कागद म्हणजे न दिलेला कागद, एवढं नोकरीत शिकले आहे.

सुनावणीला बोलावलं तेव्हा समोरचे साहेब सौजन्यानं वागले, हे सांगायला हवं. नकाशा पाहिला, फेरमोजणीला माणूस पाठवला. तो मात्र घरात आला, टेप खिडकीच्या चौकटीला लावला आणि स्वतःशीच हसला. क्षेत्रफळ आणि भाडेकरू या दोन्ही नोंदी सुधारल्या. वयही मान्य झालं. गच्चीवरची पत्र्याची खोली त्यांनी नव्यानं मोजून घेतली. ती आहे, तेव्हा मोजणारच.

समजा हरकत फेटाळली, तरी रस्ता संपत नाही. कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं, तेही 15 दिवसांतच, आणि त्यासाठी दोन अटी: आधी हरकत नोंदवून तिचा निकाल लागलेला हवा, आणि मागणीची रक्कम भरावी लागते. ज्यानं हरकतच दिली नाही त्याला हा दरवाजा उघडत नाही. पैसे भरायचे म्हणून घाबरू नका. ‘हक्क अबाधित ठेवून’ असं लिहून भरावेत. पुण्या-नाशिकच्या वाचकांनीही हे कलम बघून ठेवावं. तुमचा-आमचा कायदा मूळचा एकच, 1949 चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा. पुढे गुजरातनं आपलं नाव लावलं, महाराष्ट्रानं आपलं. तुमच्याकडे आकारणी भाडेमूल्यावर चालते, तेव्हा भिंतीचा मुद्दा जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, पण वय, वापर आणि मोजमाप तपासायला कोणी अडवत नाही. मुंबईकरांचा 1888 चा कायदा वेगळा, त्यांनी आपली मुदत स्वतंत्र पाहावी.

माझी तक्रार आहे ती नोटिशीच्या कागदाबद्दल. त्यावर क्षेत्रफळाचा एक आकडा येतो, तो आला कुठून ते येत नाही. मोजणीचा तक्ता मागावा लागतो, आणि मागायचा असतो हे किती जणांना ठाऊक असणार? आमच्या गल्लीत ऐंशी ओलांडलेली जोडपी आहेत, मुलं अमेरिकेत, चष्म्याचा नंबर वाढलेला. ती मुकाट्यानं चेक फाडतात. मजलावार लांबी-रुंदी, धरलेलं बांधकामाचं वर्ष आणि वापर असा अर्ध्या पानाचा तक्ता नोटिशीलाच टाचला, तर निम्म्या हरकती घरबसल्या निकाली निघतील आणि उरलेल्या निदान मुद्द्याला धरून येतील.

आपल्या अंकात हरकतीच्या अर्जाचा एक मराठी नमुना छापता आला तर जरूर छापावा. गुजरातीत उतरवून द्यायला आमच्या गल्लीत मी आहेच.

आपली,
एक मिळकतधारक वाचक
दांडिया बाजार, बडोदे