बॉलला भोके पाडण्याआधी माप घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मुले टेनपिन बोलिंगमध्ये रमली आहेत. भाड्याच्या बॉलवर भागेना झाले की ती स्वतःचा बॉल मागवतात. तो कोरा येतो, बोटे घालायची भोके नंतर पाडून घ्यावी लागतात, आणि घोळ होतो तो इथेच. ड्रिल करणाऱ्याला फोनवर सांगितले जाते, "मित्राच्या बॉलला आहेत तशीच पाडा." कुणी परदेशी खेळाडूच्या बॉलचा फोटो पाठवून देतो. महागडा बॉल अशा एका वाक्यावर कापला जाऊ नये, म्हणून हे पत्र.

बॉलच्या आतला गाभा गोल नसतो. त्याचे डोके कुठल्या बाजूला आहे ते वरचा छोटा रंगीत ठिपका सांगतो. त्याला पिन म्हणतात. लेआउट ठरवणे म्हणजे मुख्यतः ही पिन आपल्या पीएपीपासून (पॉझिटिव्ह ॲक्सिस पॉइंट) किती दूर आणि कुठल्या दिशेला ठेवायची ते ठरवणे. हातातून सुटताना बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो, त्या अक्षाचे बॉलच्या पृष्ठभागावरचे टोक म्हणजे पीएपी. दोघांचे पंजे सारखे असले तरी पीएपी इंचभर इकडेतिकडे असू शकतो. मित्राचा लेआउट आपल्याला लागू पडत नाही तो यामुळे.

पीएपी काढायला साधा प्लॅस्टिकचा बॉल बरा. तो तेल लावलेल्या लेनवर, म्हणजे बॉल घरंगळतो त्या लाकडी पट्ट्यावर, नेहमीच्या पद्धतीने टाकला की अंगावर तेलाचे जवळजवळ एकच कडे उमटते. या कड्याच्या प्रत्येक बिंदूपासून सारख्या अंतरावर असलेला बिंदू तो पीएपी. पकडीच्या मध्यापासून आधी आडवे, मग उभे अंतर मोजायचे. उजव्या हाताच्या खेळाडूचे माप बहुधा ५ इंच उजवीकडे, अर्धा इंच वर असे काहीतरी येते. पडताळा सोपा आहे: त्या बिंदूवर पांढरी चिकटपट्टी लावून बॉल टाका. सुटल्या सुटल्या पट्टी एका जागी स्थिर दिसली तर माप बरोबर. ती डगमगत फिरली तर पुन्हा मोजा.

आता अंतर. बॉलचा घेर साधारण २७ इंच, त्याचा पाव भाग ६ ३/४ आणि त्याचा निम्मा ३ ३/८. पिन पीएपीपासून ३ ३/८ इंचांवर असली की गाभा सर्वांत अस्थिर राहतो, अक्ष सरकत जातो, दर फेऱ्याला बॉलचा कोरडा भाग लेनला टेकतो आणि बॉल चांगला पकडतो. पिन थेट पीएपीवर किंवा ६ ३/४ इंचांवर नेली की हे सरकणे जवळपास थांबते. म्हणून सगळे ३ ३/८ मागतात, आणि तिथेच फसतात. मॉलमधल्या लेनवर तेल कमी किंवा शिळे असेल तर असा बॉल ६० फुटांच्या वाटेत लवकर वळून दम घालवतो आणि टोकाला उभ्या असलेल्या, पाडायच्या पिनांपाशी मेल्यासारखा पोचतो. पहिल्या बॉलला ४ १/२ ते ५ इंच हेच आमचे ठाम मत.

कोनांचा काथ्याकूट मात्र नवशिक्याने करू नये. लेआउट ५० × ४ १/२ × ४० असा लिहिलेला दिसेल: मधला आकडा अंतराचा, बाजूचे दोन कोन. पहिला कोन लहान असेल तर बॉल लवकर वळायला लागतो. शेवटचा लहान असेल तर वळणानंतर सरळ लोळणे चटकन येते. वेग जास्त आणि फिरकी कमी असेल त्याला लहान कोन सोयीचे, फिरकी जास्त असेल त्याला मोठे. सममित, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारख्या आकाराच्या गाभ्याच्या बॉलमध्ये पहिल्या कोनाने फारसे बिघडत नाही.

नियमही बदललेत. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या नियमानुसार तोल साधण्यासाठीचे जादा भोक चालत नाही. प्रत्येक भोक पकडीसाठी वापरलेच पाहिजे. दोन हातांनी, अंगठा न घालता टाकणाऱ्या मुलांनी अंगठ्याचे भोक पाडूच नये, नाहीतर स्पर्धेत बॉल बाद ठरेल. चुकले तर जादा भोकाने सावरून घेण्याची सोय आता राहिलेली नाही.

लेआउट कितीही अचूक असो, पकड चुकली तर तो वाया गेला. अंगठा पूर्ण आत घालून बोटे सैल पसरली की बोटांच्या टोकाकडचे पहिले सांधे भोकांच्या आतल्या कडेवर यायला हवेत. स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या आणि बोटाच्या भोकांमधले अंतर, जास्त असला की तळहात ताणतो, कमी असला की आपण बॉल आवळतो आणि अंगठा अडकतो. दोन बोटांच्या भोकांमधली भिंत पाव इंचाच्या आसपास ठेवतात. ती फार पातळ झाली की तिथूनच तडा जातो. भुसावळच्या मे महिन्यात बॉल गाडीच्या डिकीत ठेवणे म्हणजे तडा ओढवून घेणे. त्याच उन्हात अंगठाही सुजतो, तेव्हा माप सकाळी गारव्यात घेऊ नका. खेळून हात तापल्यावर घ्या.

बॉल मनासारखा वळत नाही म्हणून भोके बुजवून पुन्हा पाडायची घाईही नको. आधी ५०० ते ४००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितक्या बारीक) घासायच्या पॅडने पृष्ठभाग बदलून पाहा: खरखरीत केला तर लवकर पकडतो, गुळगुळीत केला तर लांब जातो. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

खान्देशात बॉल विकणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की प्रत्येक बॉलसोबत एक कार्ड द्यावे. त्यावर पीएपी, पिनचे अंतर, दोन्ही कोन, दोन्ही स्पॅन, प्रत्येक भोकाचे पिच (भोकाचा कल) आणि व्यास लिहिलेले असावेत. घेणाऱ्यांनीही हे कार्ड भरल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नये.

आपले,
काही बोलिंग खेळाडू, जळगाव