वापरलेल्या सुईला हक्काचा डबा हवा

संपादक महोदय,

नशेसाठी इंजेक्शन घेणाऱ्याने वापरलेल्या सुईला टोपण परत लावणे ही काळजी वाटते, पण पुष्कळदा सुई टोचते ती त्याच क्षणी. एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोपण. नेम जरा चुकला की टोक बोटात. नशेत हात थरथरत असेल तर विचारूच नका. सुई वाकवणे, मोडणे, सिरिंजपासून ओढून काढणेही तितकेच घातक. ती सिरिंजसकट थेट डब्यात जायला हवी, म्हणून डबा इंजेक्शनच्या आधीच हाताशी हवा.

कपडे धुण्याच्या द्रव साबणाची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली यासाठी चालते. पाण्याची पातळ बाटली दाबली की सुई आरपार येते, काच फुटते. बाटली हातात न धरता सपाट जागी ठेवावी आणि सुई टोक खाली करून आत सोडावी. तीन चतुर्थांश भरली की थांबावे. जागा करण्यासाठी कोंबायला गेले की वर अडकलेली सुईच टोचते. मग झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळावी, ‘वापरलेल्या सुया, उघडू नये’ असे ठळक लिहावे आणि सुया स्वीकारणाऱ्या केंद्रात किंवा दवाखान्यात द्यावी. प्लास्टिक भंगारात ती कधीही टाकू नये, कारण ते भंगार माणसे हाताने निवडतात.

सुईइतकेच बाकीचे सामानही सांभाळावे लागते, हे फार जणांना ठाऊक नसते. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचा विषाणू प्रयोगशाळेत 63 दिवसांपर्यंत तग धरून राहिलेला आढळला आहे. त्याच सिरिंजचे टोक नशेचा पदार्थ विरघळवायच्या ज्या चमच्याला, तो गाळायच्या कापसाला, पाण्याला लागते, तिथेही रक्त पोहोचते. ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून चमचा, पाणी, दंडाला बांधायचा पट्टा, काहीच दोघांत वापरू नये. पुन्हा पिळण्यासाठी जपून ठेवलेल्या कापसात जंतू वाढतात आणि पुढच्या इंजेक्शननंतर थंडी वाजून ताप भरतो. कापूस एकदा वापरून टाकूनच द्यावा.

रस्त्यात सुई दिसली तर बोटांनी उचलू नये. रबरी हातमोजे सुई अडवत नाहीत. डबा सुईपाशी नेऊन जमिनीवर ठेवावा. सिरिंज चिमट्याने मधोमध धरून, टोक आपल्यापासून लांब ठेवून आत सोडावी. टोचलीच, तर जखम पिळू किंवा चोखू नये. साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. एचआयव्ही रोखणारी औषधे 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. हेपॅटायटिस बीच्या लशीचेही तेव्हाच विचारावे.

सार्वजनिक शौचालयात वापरलेल्या सुया टाकायची पेटी बसवली की व्यसन वाढेल, अशी हरकत घेतली जाते. पेटी नसली म्हणून कोणी इंजेक्शन घ्यायचे थांबत नाही. पकडले जाण्याच्या भीतीने तो सुई गटारात, झुडपात, छताच्या फटीत सारतो आणि ती टोचते सफाई कामगाराला किंवा खेळणाऱ्या मुलाला. पेटी भिंतीला पक्की जडवावी, तिला कुलूप असावे. ती लहान मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी उंच असावी, पण सुई टाकणाऱ्याला तिचे तोंड वरून दिसायला हवे. आणि ती तीन चतुर्थांश भरण्याआधी बदलायची जबाबदारी एका ठरावीक माणसावर असावी. ओसंडणारी पेटी पेटी नसण्याहून वाईट.

आपले,
सुई-सिरिंज बदल केंद्रातील आरोग्य कार्यकर्ते